नाटक कोणाच्या नजरेने उभे राहते?

सांगलीच्या एका हौशी संस्थेच्या दिग्दर्शकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन पुरुषांच्या सहजीवनावरचे दोन अंकी नाटक त्यांची संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवीत आहे. लेखिका, दिग्दर्शक आणि दोन्ही प्रमुख नट समलिंगी समाजाबाहेरचे आहेत. अशा स्थितीत चित्रण खरे कसे उतरेल, या भूमिका समलिंगी नटांनीच करायला हव्यात का, आणि दोघांच्या पहिल्याच स्पर्शाला प्रेक्षागृहात हशा झाला तर काय करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. प्रश्नासोबत त्यांनी नाटकाचा सारांशही दिला आहे. प्रायोगिक रंगभूमीवर दिग्दर्शन करताना आणि अशा संहितांसाठी लेखकांबरोबर बसताना जे समजले, त्याच्या आधारावर मी हे उत्तर लिहीत आहे.

सारांशापासूनच सुरुवात करतो, कारण अडचण नटांच्या निवडीच्या आधीच, तिथे निर्माण झाली आहे. तुमचा पहिला अंक मोहनच्या धाकट्या भावाला मोहन आणि विजय जोडीदार असल्याचे सत्य कळते तिथे संपतो आणि दुसरा अंक आईला ते कळते तिथे. दोन्ही अंकांचा चढ 'कळण्या'कडे जातो. मोहन आणि विजय एकमेकांबरोबर चौदा वर्षे राहत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे त्या दोघांना ही बातमी चौदा वर्षांपूर्वीच कळलेली आहे. ती फक्त भावाला, आईला आणि प्रेक्षकाला नवी आहे. त्यामुळे नाटक दोन पुरुषांचे आहे असे जाहिरातीत म्हटले, तरी रंगमंचावर ते भावाचे आणि आईचे होते. मोहन आणि विजय यांच्या वाट्याला उरते ते लपणे, सापडणे आणि बाजू मांडणे. नटांनी कितीही मन लावून काम केले तरी या मांडणीत ते दोघे पाहिले जाणारेच राहतील. ते स्वतः कधी पाहणारे होणार नाहीत. माझ्या मते चित्रणाच्या खरेपणाचा निकाल मुख्यतः या एका ठिकाणी लागतो.

ही सवय तुमची एकट्याची नाही. आपल्या रंगभूमीने हा विषय ज्या नाटकांतून गंभीरपणे हाताळला, त्यांतील दोन महत्त्वाच्या नाटकांची रचना अशीच आहे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, उभी केली. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री नाटकाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचे धैर्य त्या काळात किती मोठे होते, हे आज पटवून द्यावे लागू नये. त्या नाटकात कॉलेजच्या स्नेहसंमेलनातील नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा स्त्रीची, आणि तालमींमधून मित्राला नमाची ओढ लागते. हे सर्व आपल्याला सांगतो तो तिचा मित्र बापू. बापू बुजरा आहे, मित्राच्या आत्मविश्वासाने दिपलेला आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे, आणि तिच्या दुःखाने तो खरोखर हलतो. पण नमा आणि मित्रा एकट्या असतात तेव्हाचे बापूला जेवढे ठाऊक आहे किंवा जेवढे तो अदमासाने सांगू शकतो, तेवढेच आपल्यापर्यंत येते. अखेर बापू तिच्यापासून अंतर घेतो आणि मित्रा आत्महत्या करते. त्या शेवटानंतर प्रेक्षक घरी जातो तो बापूची खंत बरोबर घेऊन. मित्राला त्या रात्री काय वाटले, हे आपल्याला कधीच कळत नाही. तेंडुलकरांनी नावातच गोष्ट मित्राची म्हणून सांगितली आणि सांगणारा मात्र दुसरा ठेवला. ही नाटककाराची जाणीवपूर्वक निवड असावी असे मी मानतो, कारण बापूच्या भित्रेपणाकडेही ते नाटक तितक्याच कठोरपणे पाहते. अडचण ती निवड पुढच्या लेखकांनी विचार न करता उचलली, ही आहे.

दुसरे उदाहरण 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या एकपात्री संहितेचे. त्यात मुलाची डायरी वाचून आईला त्याच्या समलिंगी असण्याचा उलगडा होतो. मोना आंबेगावकर यांनी या संहितेची सादरीकरणे सातत्याने केली, आणि ती पाहून घरी बोलण्याचे बळ मिळालेली मुले आणि पालक मला ठाऊक आहेत. आईपर्यंत पोहोचण्यासाठी आईच्या तोंडूनच बोलणे, हा त्या संहितेचा हेतू आहे आणि तो ती नेमकेपणाने साधते. तरीही इथे मुलगा प्रत्यक्ष रंगमंचावर नाही. त्याची वही आहे. मित्र सांगतो, आई वाचते. ज्याचे आयुष्य आहे त्याने स्वतः प्रवेश करून, प्रेक्षकाकडे पाठ न करता, काही मागावे, कोणावर तरी रागवावे, दुसऱ्याविषयी चुकीचे मत बनवावे, ही मुभा आपण त्याला फार क्वचित दिली आहे.

याच्या उलट रचनेचा नमुना हवा असेल तर सतीश आळेकरांचे १९७९ सालचे 'बेगम बर्वे' पुन्हा वाचा. संगीत नाटकांच्या काळात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून दिवस काढणारा बर्वे आणि दोन कारकून यांच्या भासविश्वात बर्वे त्या कारकुनांच्या कचेरीतील नलावडेबाई होतो, त्याचे लग्न लागते, डोहाळे लागतात, आणि नाट्यपदांच्या आधाराने ते विश्व उभे राहते. आळेकरांचे ते नाटक आजच्या अर्थाने समलिंगी समाजावरचे नाटक आहे असा दावा मी करणार नाही; त्याचा आवाका वेगळा आहे. शिकण्याजोगे आहे ते एवढेच की तिथे प्रेक्षकाला बर्व्याच्या इच्छेच्या आत नेऊन बसवले जाते, आणि ती इच्छा मोडते तेव्हा प्रेक्षकाचेही काही मोडते. कोणीही बाजूला उभे राहून बर्व्याचा अर्थ समजावून सांगत नाही.

आता तुमच्या संहितेचे काय करावे? मी लेखिकेला एकच काम सांगेन: भावाचे कळणे पहिल्या दहा मिनिटांत उरकून टाका, किंवा त्याला आधीपासून माहीत आहे असे धरा, आणि मग पाहा की नाटकात काय शिल्लक राहते. काहीच शिल्लक राहिले नाही, तर नाटक अजून लिहिले गेलेले नाही. मराठी घरांत बहुतेक वेळा असेच असते. आईला ठाऊक असते, पण ती विचारत नाही. गणपतीला 'मित्रा'लाही आरतीला बोलावले जाते, त्याच्या हातात झांजा दिल्या जातात, पुतणी त्याला विजयकाका म्हणते, आणि घराच्या वाटण्यांचा विषय निघाला की मात्र त्याला चहा आणायला पाठवले जाते. उघड भांडणापेक्षा या चालवून घेण्यात नाट्य कितीतरी अधिक आहे, आणि ते आपल्या मातीतले आहे. दुसऱ्या अंकातील आईच्या मोठ्या स्वगतापेक्षा तो चहाचा प्रसंग लिहिला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सहजीवनाचे नाटक म्हटले की कागदपत्रांकडे लक्ष द्या. तिथे तुम्हाला आजचा काळ सापडेल. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. त्यापूर्वीचे नाटक पोलिसाच्या भीतीवर उभे राहू शकत होते. आजचे नाटक त्याच भीतीवर उभे केले तर ते वीस वर्षे जुने वाटेल. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे दोघे गुन्हेगार नाहीत आणि कायद्याने नातेवाईकही नाहीत. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात विजय काय लिहील? त्याच वेळी गावाहून येणारा भाऊ, ज्याने चौदा वर्षांत मोहनला कोणती औषधे चालू आहेत हे विचारलेले नाही, तो सही करायला पात्र ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांचे नाव नामनिर्देशनात घालायला आडकाठी नाही, असे स्पष्ट केले. मग तो अर्ज घेऊन हे दोघे ज्या शाखेत जातात, तिथे खिडकीपलीकडे मोहनचा शाळासोबती बसला असेल तर? फ्लॅट एकाच्या नावावर आहे आणि हप्ते दोघांनी भरले आहेत. दारावरच्या पाटीवर दोन आडनावे लावायची की एक, यावर दोघांचे मत वेगळे आहे. या प्रत्येक गोष्टीत पात्राला करण्यासारखे काही आहे, हरण्यासारखे काही आहे, आणि दोघांपैकी एकाची चूक दाखवण्याची सोयही आहे. तुमच्या सारांशात मोहन आणि विजय यांची एकही चूक नाही. सहानुभूतीपोटी पात्रे निर्दोष करणे हा त्यांना माणूस म्हणून नाकारण्याचाच एक प्रकार आहे, असे मला वाटते.

नटांविषयीचा प्रश्न दोन भागांत सोडवावा लागेल. समलिंगी पुरुष किंवा स्त्रीच्या भूमिकेसाठी निवड करताना नटाला त्याची लैंगिकता विचारू नका. आपल्या तालमींच्या खोल्यांत असे अनेक जण आहेत, ज्यांनी घरी, बँकेतल्या नोकरीत किंवा शाळेत सांगितलेले नाही आणि सांगावे असे त्यांच्यावर बंधनही नाही. खरेपणाच्या नावाखाली कोणाला उघडे पाडणे हे त्या खरेपणाच्याच विरोधात जाते. त्याऐवजी तालमीच्या खोलीत समलिंगी समाजातील किमान एक व्यक्ती अधिकाराने बसेल, अशी व्यवस्था करा: तिला संहितेवर 'हे असे होत नाही' म्हणण्याचा हक्क हवा, मानधन हवे आणि नाव छापले जाणार असेल तर ते तिच्या संमतीने हवे. ही व्यक्ती पहिल्या वाचनापासून हवी. रंगीत तालमीला बोलावून 'कसे वाटले' विचारण्यात काही अर्थ नसतो, कारण तोवर हालचाली बसलेल्या असतात आणि पाहुणा सौजन्याने मान डोलावतो.

पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या, पात्राबाबत माझे मत वेगळे आणि ठाम आहे. ती भूमिका पारलिंगी कलाकारालाच द्यावी. त्यांना इतर भूमिका मिळत नाहीत, आणि जी एक मिळू शकते तीही आपण साडी नेसवून दुसऱ्याला देतो. 'असे कलाकार मिळत नाहीत' ही सबब तुमच्या भागात तर अजिबात टिकणारी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेल्या पारलिंगी जोगत्यांची परंपरा तुमच्या शेजारी आहे. त्याच परंपरेतील जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खुद्द सांगलीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद आणि देहविक्रय करणाऱ्या पुरुष व पारलिंगी व्यक्तींची 'मुस्कान' यांच्या सभासदांनी सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली स्वतःच्या आयुष्यावरचे नाटक रंगमंचावर आणले आहे. चेन्नईत पारलिंगी कलाकार लिव्हिंग स्माइल विद्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पनमै' ही स्वतःची नाट्यसंस्था उभी केली, आणि पारलिंगी लेखिका ए. रेवती यांनी आपली जीवनकथा स्वतः रंगमंचावर सादर केली. कलाकार आहेत. त्यांच्यापर्यंत जाण्याचे कष्ट आपण घेत नाही.

पारलिंगी कलाकाराला घेतल्यावर निर्मितीची काही कामे आधी करावी लागतात. आपल्या नाट्यगृहांत रंगपट दोन असतात, पुरुषांचा आणि स्त्रियांचा; तिने कुठे तयार व्हायचे, हे तिला विचारून ठरवा आणि बाकीच्या चमूला प्रयोगाच्या आधी सांगा, ऐन वेळी दारात चर्चा नको. दौऱ्यावर लॉजच्या नोंदवहीत ओळखपत्र मागतात आणि पुष्कळांच्या ओळखपत्रावर जुने नाव असते. खोली संस्थेच्या नावाने आधी घेऊन ठेवा. स्पर्धेत अभिनयाची पारितोषिके स्त्री आणि पुरुष अशा विभागणीने दिली जातात, तेव्हा प्रवेशिका भरताना नाव कोणत्या बाजूला जावे हे तिलाच ठरवू द्या.

अभिनयात एक चूक मी वारंवार पाहतो, ती टाळीची. हिजडा समाजातील ती टाळी, बोटे ताणून तळव्यावर तळवा आडवा आपटणारी, बाहेरच्या नटाला इतकी आवडते की तो प्रत्येक वाक्याला ती वाजवतो. ती टाळी रस्त्यावर, दुकानात, अंगावर येणाऱ्या माणसाला थांबवताना, आपल्या माणसाला हाक देताना वाजते. घरात स्टोव्हवर चहा ठेवताना, गुरूचे पाय चेपताना किंवा भिशीचे पैसे मोजताना कोणी टाळ्या वाजवत बसत नाही. एका तालमीत मी नटाला संपूर्ण प्रवेशात एकच टाळी दिली होती, तीही घरमालक दारात आल्यावर. त्याआधीची पंधरा मिनिटे तो केवळ भाजी निवडत बोलत होता. ती एक टाळी वाजली तेव्हा ती कशासाठी असते, हे प्रेक्षागृहाला समजले.

हशाचा प्रश्न तुम्ही विचारला हे बरे केले, कारण पुष्कळ दिग्दर्शक त्याकडे डोळेझाक करतात. आपल्या प्रेक्षकाच्या हसण्याला इतिहास आहे. तमाशातील नाच्याच्या मुरडण्यावर पिढ्या हसल्या. गणपत पाटील यांनी चित्रपटांत नाच्या इतक्या ताकदीने रंगवला की तीच त्यांची ओळख होऊन बसली आणि खासगी आयुष्यातही त्यांना त्याचा जाच सोसावा लागला. नंतर व्यावसायिक विनोदी नाटकांनी तेच मुरडणे शहरी कपड्यांत आणले. दुसरीकडे याच प्रेक्षकाने बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहिला आणि घरोघरच्या स्त्रियांनी त्यांच्यासारखी साडी नेसून पाहिली. म्हणजे पुरुषाच्या देहातील नजाकत पाहून हसायलाच हवे, असा काही नियम आपल्या प्रेक्षकाच्या रक्तात नाही. कोणत्या चौकटीत काय दाखवले जाते त्यावर ते अवलंबून आहे.

म्हणून पहिला स्पर्श प्रकाश मंद करून, पार्श्वसंगीत वाढवून, दोघांना रंगमंचाच्या मध्यभागी आणून दाखवू नका. अशा तयारीने प्रेक्षक अवघडतो आणि अवघडलेला माणूस हसतो. स्पर्श कामात घाला. विजय मोहनच्या पाठीला बाम चोळतो आहे, आणि दोघे भांडत आहेत ते सोसायटीच्या थकलेल्या देखभाल शुल्कावरून. मोहनचा बनियन वर सरकवलेला, विजयच्या चष्म्याला बामाचे बोट लागलेले, आणि संवादात प्रेमाचा शब्दही नाही. भांडण खरे असेल, पैशाचा आकडा नेमका असेल, तर प्रेक्षक भांडणात कोणाची बाजू घ्यायची याचा विचार करू लागतो. हात पाठीवर आहे याची नोंद तो घेतो, पण हसायला त्याला जागा मिळत नाही. नाटकाच्या पहिल्या पाच मिनिटांतच हे घडू द्या. मध्यंतरापर्यंत राखून ठेवलेला स्पर्श हा गौप्यस्फोट होऊन बसतो. एवढे करूनही कोणी हसलाच, तर नटांनी थांबू नये, वेगही वाढवू नये आणि वाक्य हशावर चढवूही नये. पुढच्या वाक्याला जेवढा वेळ तालमीत होता, तेवढाच ठेवावा.

शेवटाविषयी थोडेच लिहितो. तुमच्या सारांशात विजयच्या आत्महत्येचा पर्याय कंसात दिला आहे. स्पर्धांमध्ये अशा शेवटांना टाळ्या मिळतात, हे मला ठाऊक आहे. तो पर्याय खोडून टाका. समलिंगी समाजातील जे तरुण धीर करून तुमचे नाटक पाहायला येतील, त्यांच्यापुढे आपल्या रंगभूमीने मरण बरेचदा ठेवले आहे. साठीकडे झुकलेले दोन पुरुष एकत्र म्हातारे होत आहेत, हे दृश्य त्यांनी रंगमंचावर जवळपास पाहिलेलेच नाही.

जातीचा आणि वर्गाचा उल्लेख तुमच्या सारांशात नाही. मोहन आणि विजय यांची आडनावे मात्र आहेत, आणि मराठी प्रेक्षक आडनावावरून बरेच काही वाचतो. अशा बहुतेक नाटकांतील पात्रे कोथरूड किंवा दादरच्या सुशिक्षित, सवर्ण घरांतली असतात. जणू दुसरीकडे हे जीवन नाहीच. विजय मिरजेच्या एखाद्या वस्तीतून आलेला असेल तर मोहनची आई त्याच्या असण्यातील नेमके काय नाकारते आहे, हा प्रश्न नाटकाला खूप खोल नेऊ शकेल. आणि कोणी दोन पुरुषांऐवजी दोन स्त्रिया घेऊन हेच नाटक करू म्हणत असेल, तर त्याला आवर घाला. एकट्या पुरुषाला भाड्याची खोली मिळते, उशिरा घरी येता येते, लग्न काही वर्षे लांबवता येते. स्त्रीला यातले काय मिळते, तिथून नवे नाटक लिहावे लागेल. 'मित्राची गोष्ट'नंतर इतक्या वर्षांत मराठी रंगभूमीने स्त्रियांची अशी किती नाटके उभी केली, याचा विचार केला की मला वाईट वाटते. उभयलैंगिक, आंतरलिंगी आणि अलैंगिक व्यक्तींची तर आपण अजून दखलही घेतलेली नाही.

संहितेसाठी तुम्ही सांगलीतील काही जणांशी बोलणार आहात, असे लिहिले आहे. बोलण्याआधी त्यांना स्पष्ट सांगा की हे नाटकासाठी आहे, लेखी संमती घ्या, आणि दिलेली हकिकत कोणत्याही टप्प्यावर परत घेण्याची मुभा द्या. नाव बदलणे पुरेसे नसते. सांगलीसारख्या गावात पेठ, धंदा आणि आजोळ एवढे तीन तपशील जुळले की माणूस ओळखू येतो, आणि तुमच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याचा मामा तिसऱ्या रांगेत बसलेला असू शकतो. म्हणून तपशिलांपैकी निदान दोन बदला, आणि बदललेला प्रवेश त्या व्यक्तीला आधी वाचून दाखवा. संहिता, प्रयोगासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे जाण्यापूर्वी हे वाचन झाले पाहिजे, कारण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर संवाद बदलायचे म्हणजे पुन्हा कागदोपत्री धावपळ असते आणि तेव्हा संस्था 'आता राहू द्या' म्हणते. वाचन संस्थेच्या सभागृहात न ठेवता त्यांना सोयीच्या जागी ठेवा, बाहेर फलक लावू नका, छायाचित्रे काढू नका. लेखिकेने त्या दिवशी आपल्या संहितेचा बचाव करायचा नाही. वही उघडून जे सांगितले जाईल ते लिहून घ्यायचे.